ड्रायव्हरला झोपायला एक खाट द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी बेळगावात टुरिस्ट गाडी चालवतो, चौतीस वर्षं झाली. आधी मालकाची अँबॅसिडर, मग ट्रॅक्स, मग स्वतःची सुमो आणि आता इनोव्हा, केए २२ पासिंग, पिवळी प्लेट. गोवा, पंढरपूर, जोतिबा, शिर्डी, सौंदत्ती, लग्नाची वऱ्हाडं, दवाखान्याची भाडी, सगळं केलंय. पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहितोय, पण विषय असा आहे की अमेरिकेतनं परत आल्यापासून डोक्यातनं जाईना, स्टँडवर दोस्तांना सांगून झालं, घरी सांगून झालं, शेवटी म्हटलं पेपरातच लिहावं, चार हॉटेलवाले तरी वाचतील.

माझी मुलगी आणि जावई कॅलिफोर्नियात असतात. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं आणि एका शनिवारी लास वेगासला नेलं. रस्ता काय सांगू, दोन्ही बाजूला नुसतं वाळवंट, झाड नाही, गाव नाही, आणि अंधार पडल्यावर एका चढावरनं पुढं बघतो तर खाली सगळा उजेडच उजेड पसरलेला. पण खरी गोष्ट रात्री जेवण झाल्यावरची. हॉटेलच्या दारात येऊन बघतो तर पांढरी लांबलचक लिमोझिन उभी. मुलगी म्हणाली, बाबा, आयुष्यभर तुम्ही लोकांना फिरवलात, आज तुम्हाला कुणीतरी फिरवणार, आज मागं बसायचं. सवयीनं माझे पाय ड्रायव्हरच्या दाराकडंच निघाले होते, तिथं त्यांचं स्टिअरिंग डावीकडं तरी मी उजव्या दाराला जाऊन उभा. तोवर काळा कोट घातलेला ड्रायव्हर आला, माझ्यासाठी मागचं दार उघडून धरलं आणि जरासं वाकला. माझ्यासाठी दार उघडून धरलेलं चौतीस वर्षांत कुणी बघितलेलं नाही. मी तसाच उभा राहिलो, आमची मंडळी मागनं म्हणाली, अहो बसा की, तेव्हा बसलो.

आत बसायचं आमच्या क्रूझरच्या मागच्या बाजूसारखं आडवं, एका कडेनं लांब सीट, समोर ग्लास ठेवायची सोय, छताला बारीक दिवे. गाडी लिंकन कंपनीची. कारखान्यातनं साधी गाडी येते, ती मधोमध कापून मधे दहा फूट वाढवतात, खालची चासी, शाफ्ट, वायरिंग सगळं वाढवायचं, ब्रेक तगडे करायचे, आणि मग अठरा फुटाची गाडी अठ्ठावीस फुटाची होते. ही गाडी कंपनीनं २०११ ला बनवायची बंद केली म्हणून आता जुन्याच सांभाळून चालवतात असं ड्रायव्हर सांगत होता. मी सगळा वेळ त्याच्या वळणाकडं बघत होतो. एवढी लांब गाडी हॉटेलच्या पोर्चमधे घालायची म्हणजे मागचं चाक कुठनं येणार ते आधी डोक्यात पाहिजे, आणि तो माणूस एका हातानं, शांतपणे, एकदाही मागं न घेता घालत होता. हे फक्त ड्रायव्हरलाच कळतं.

ड्रायव्हर मूळचा इथिओपियाचा. वेगासमधे त्यांची वस्ती मोठी आहे आणि टॅक्सी, लिमोझिनच्या धंद्यात बरेच जण. मला इंग्लिश बोलायला जमत नाही, मुलगी मधे बसून दोघांचं एकमेकांना सांगत होती. माझा बाप पण ड्रायव्हर आहे हे तिनं सांगितल्यावर त्या माणसानं मधली काच पूर्ण खाली केली आणि तिथनं पुढं तीन तास आमची गाडी म्हणजे दोन ड्रायव्हरांची गप्पांची गाडी झाली.

आम्ही सुरुवात केली दक्षिणेच्या टोकाला, जिथं ती प्रसिद्ध वेलकमची पाटी आहे. १९५९ सालची, बेटी विलिस नावाच्या बाईंनी काढलेली. त्यांनी तिचा कॉपीराईट घेतला नाही, म्हणून जगभर कपावर, टीशर्टवर ती फुकट छापतात. पण मजा म्हणजे ही पाटी आणि त्या रस्त्यावरची बहुतेक सगळी मोठी हॉटेलं लास वेगास शहराच्या हद्दीत येतच नाहीत! हे ऐकून आम्हा सीमाभागातल्या माणसांचे कान टवकारणारच. तो भाग पॅराडाईज नावाचा, क्लार्क काउंटीच्या कारभारात. १९५० च्या सुमारास शहराला हा रस्ता आपल्या हद्दीत पाहिजे होता, कराचे पैसे मिळाले असते, पण हॉटेलवाल्यांनी खटपट करून वेगळं गाव जाहीर करून घेतलं. म्हणजे हद्दीची रेघ कुठनं जाणार हे तिथं पैशानं ठरलं. आमची रेघ १९५६ साली कशी ठरली ते तुमच्या वाचकांना मी सांगायला नको, तो विषय इथं वाढवत नाही.

ह्या रस्त्याला स्ट्रिप म्हणतात, लांबी सात किलोमीटरला थोडी कमी. तेवढ्यात जगातली मोठमोठी हॉटेलं एकाला एक लागून. १९३१ साली नेवाडा राज्यानं जुगार कायदेशीर केला, त्याच वर्षी जवळ हूवर धरणाचं काम सुरू झालं, हजारो कामगार आले, तिथनं गाव वाढायला लागलं. स्ट्रिपवर पहिलं मोठं हॉटेल १९४१ ला झालं, १९४६ ला फ्लेमिंगो, आणि १९८९ ला ज्वालामुखीवालं मिराज झाल्यावर तर एकापेक्षा एक मोठं बांधायची चढाओढच लागली. ते मिराज पण आता राहिलं नाही, २०२४ ला बंद झालं, तिथं गिटारच्या आकाराचं हॉटेल बांधायचं काम चालू आहे. तिथं जुनं हॉटेल ठेवत नाहीत, सुरुंग लावून एका रात्रीत खाली बसवतात आणि लोक बघायला गर्दी करतात. ट्रॉपिकाना म्हणून १९५७ चं हॉटेल होतं ते २०२४ च्या ऑक्टोबरात असंच पाडलं, त्या जागेवरनं आम्ही गेलो तेव्हा बेसबॉलच्या स्टेडियमचं बांधकाम दिसत होतं. मला हे काही पटलं नाही. जिथं माणसांनी साठ-साठ वर्षं काम केलं ती जागा पाडताना फटाके कशाला वाजवायचे.

डाव्या हाताला पहिल्यांदा लक्सर, काळ्या काचेचा पिरॅमिड, तीस मजली, १९९३ सालचा, माथ्यावरनं उजेडाचा झोत सरळ आभाळात जातो आणि त्या झोतात किड्यांचा थवा आणि त्यांना खायला वटवाघळं. आतली लिफ्ट सरळ वर जात नाही, भिंतीच्या उताराला धरून ३९ अंशात तिरकी जाते. मग राजवाड्यासारखं एक्सकॅलिबर, मग न्यूयॉर्क न्यूयॉर्क, तिथं दारात स्वातंत्र्यदेवीची नक्कल उभी केलीय. तिची एक गोष्ट ऐकून मला फार बरं वाटलं. अमेरिकेच्या पोस्टानं स्टँप काढला तेव्हा चुकून खऱ्या पुतळ्याऐवजी ह्या हॉटेलातल्या नकलेचा फोटो छापला, आणि ज्या शिल्पकारानं ही नक्कल केली होती तो कोर्टात गेला की हा चेहरा माझ्या हातचा आहे. २०१८ ला कोर्टानं त्याला पस्तीस लाख डॉलर द्यायला लावले. ज्याच्या हातचं काम त्याला त्याचा दाम.

समोर उजवीकडं एमजीएम ग्रँड, नुसत्या मेन बिल्डिंगमधे पाच हजारांवर खोल्या. एका हॉटेलात! आमच्या बेळगावातली सगळी लॉज एकत्र केली तरी तेवढ्या खोल्या होतील असं मला वाटत नाही. मंडळीनं लगेच विचारलं, एवढ्या खोल्यांतली अंथरुणं रोज कोण बदलतं? बाईमाणसाच्या डोक्यात बरोबर तेच येतं. त्याचं उत्तर ड्रायव्हरनं दिलं ते पुढं सांगतो.

एमजीएमचं नाव निघालं म्हणून त्यानं पुढं एका कोपऱ्यावर गाडी हळू केली आणि एक जुनी बिल्डिंग दाखवली. मूळचं एमजीएम हॉटेल हे. आता त्याला नाव दुसरं आहे. १९८० च्या नोव्हेंबरात सकाळी इथं आग लागली, खालच्या मजल्यावरच्या रेस्टॉरंटच्या वायरिंगमधे सुरुवात झाली, आणि ८५ माणसं गेली, जास्ती करून वरच्या मजल्यांवर, धुरानं. आगीनं नाही, धुरानं. त्या हॉटेलच्या बहुतेक भागात आग विझवायचे पाण्याचे फवारे, स्प्रिंकलर, बसवलेलेच नव्हते. त्यानंतर नेवाडानं कायदा कडक केला आणि जुन्या उंच हॉटेलांना पण स्प्रिंकलर बसवायला लावले. एवढी माणसं गेल्यावर नियम झाला. ही गोष्ट ऐकताना मला आमच्या ड्रायव्हर लोकांचाच विचार येत होता, का ते सांगतो.

त्याआधी बेलाजिओ हॉटेल. ह्याच्यासमोर साडेआठ एकराचं तळं आहे आणि त्यात बाराशेच्या वर कारंज्यांची तोंडं. रात्री दर पंधरा मिनिटांनी गाणं लागतं आणि पाणी नाचतं, काही कारंजी ४६० फुटापर्यंत जातात. आमच्या किल्ला तलावाच्या काठावरचा तो उंच झेंड्याचा खांब आहे ना, त्याच्यापेक्षा वर पाणी उडालं असं समजा. मंडळीचे डोळे भरून आले, आमच्या गल्लीत उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी नळ येतो, तिला ते पाणी असं हवेत उडताना बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेना. मुलीनं मग सांगितलं की हे तळं प्यायच्या पाण्याचं नाही, तिथं आधी गोल्फचं मैदान होतं त्याच्या विहिरीचं पाणी वापरतात. गावाचं पिण्याचं पाणी नव्वद टक्के लेक मीड धरणातनं येतं आणि हॉटेलात बेसिनमधे, बाथरूममधे जे पाणी सांडतं ते बहुतेक सगळं शुद्ध करून परत धरणाकडंच सोडतात. वाळवंटात राहतात म्हणून ती अक्कल आलीय. आपण घाटमाथ्यावर, धो धो पावसात राहून मे महिन्यात टँकरच्या मागं धावतो, ह्यावर कुणीतरी शिकलेल्या माणसानं वेगळं पत्र लिहावं.

बेलाजिओच्या आत छताला काचेची दोन हजार फुलं लावलीत, डेल चिहुली नावाच्या कलाकाराची, ती बघायला आम्ही उतरलो. उतरताना मी ड्रायव्हरला विचारलं, तू इथंच बसणार काय रे गाडीत? तो म्हणाला, गाडी लिमोच्या जागेत लावतो, मग आत येऊन कॉफी घेतो, तोंड धुतो. मी मुलीला म्हटलं परत विचार, नीट ऐकलंस काय, आत म्हणजे ह्याच हॉटेलच्या आत? तिनं परत विचारलं. त्याला माझा प्रश्नच कळेना. म्हणाला, आत जायला मला कोण अडवणार?

संपादक साहेब, ह्या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहितोय.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्नाच्या पार्टीला घेऊन समुद्राकाठच्या एका मोठ्या रिसॉर्टला गेलो होतो, नाव घेत नाही. पार्टी आत गेली. मला वॉचमननं गेटबाहेर गाडी लावायला सांगितली. जेवण नाही, संडासाला विचारलं तर म्हणाला पुढं पेट्रोल पंपावर जा, पंप तीन किलोमीटर. जूनची सुरुवात, बाहेर पाऊस, काच लावली तर जीव घुसमटतो, काच उघडली तर डास. एसी लावून झोपावं तर डिझेल कुणाचं आणि इंजिनचा धूर आत आला तर माणूस सकाळी उठत नाही हे सगळ्या ड्रायव्हरांना माहीत आहे, तशी मेलेली माणसं ह्या लाईनमधे आहेत. रात्रभर बसून काढली. पहाटे पाचला पार्टी बाहेर, दुपारी बेळगावात पूजा होती त्यांच्याकडं, घाई. चोर्ला घाट चढताना धुकं होतं, आणि एका वळणावर माझे डोळे मिटले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. कठड्याला गाडी घासल्याच्या आवाजानं जागा झालो. आत सात माणसं, त्यात दोन लहान पोरं, सगळी झोपलेली. त्यांना वाटलं दगड लागला. मी कणकुंबीला चहाला थांबवतो म्हणून गाडी उभी केली, टपरीच्या मागं जाऊन ओकलो, हात कापत होते. घरात सुद्धा हे सांगितलं नव्हतं. लिमोझिनमधे बसल्यावर त्या रात्री पहिल्यांदा मंडळीसमोर बोललो.

बेलाजिओनंतर आम्ही पॅरिस नावाचं हॉटेल बघितलं, आयफेल टॉवर खऱ्याच्या निम्म्या उंचीचा, ५४० फूट. मग व्हेनिशियन, १९९९ चं, आत चक्क कालवा, निळं आभाळ रंगवलेलं छत आणि होड्या वल्हवणारे गाणं म्हणतात. बाजूचं पॅलाझो धरून सात हजारांवर खोल्या. त्याच्या मागं तो गोल स्फिअर, कार्यक्रमांचं थिएटर, २०२३ चा, ३६६ फूट उंच, बाहेरनं सगळा एलईडीचा, कधी डोळा होतो कधी चंद्र होतो. सुंदर आहे, पण तोवर माझं लक्ष दिव्यांवर राहिलं नव्हतं. मी विचारत होतो आणि तो सांगत होता.

तो म्हणाला, लोकांना वाटतं हे सगळं मालकांनी प्रेमानं दिलं, तसं नाही, भांडून घेतलंय. खोल्या साफ करणाऱ्या बायका, वेटर, स्वयंपाकी, ह्यांची कलिनरी म्हणून युनियन आहे, लोकल २२६, साठ हजारांच्या आसपास मेंबर. २०२३ च्या नोव्हेंबरात हजारो लोक संपावर जायच्या बेतात होते आणि अगदी शेवटच्या घटकेला मोठ्या कंपन्यांनी करार केला, पगार वाढला, आणि खोल्या साफ करणाऱ्या बायकांचं रोजचं ओझं कमी करायचं ठरलं. मंडळीच्या प्रश्नाचं उत्तर हे. पुढं त्यानं फ्रंटियर नावाच्या हॉटेलची जागा दाखवली. ते हॉटेल २००७ ला पाडलं. पण तिथं १९९१ च्या सप्टेंबरात साडेपाचशे कामगार संपावर गेले आणि १९९८ च्या फेब्रुवारीपर्यंत, सहा वर्षं चार महिने, रात्रंदिवस गेटवर उभे राहिले. त्या सगळ्या काळात साडेपाचशेतला एक पण माणूस फुटून कामावर गेला नाही. आणि शेवटी जिंकले. मी ही गोष्ट त्याला दोनदा सांगायला लावली. आमच्या भागात लढा म्हणजे काय हे लोकांना सांगावं लागत नाही, पण सहा वर्षांत एक माणूस फुटला नाही हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

तो स्वतः त्या युनियनमधला नाही, ड्रायव्हरांचं वेगळं असतं. त्याला पण त्रास आहेत, मोबाईलवरच्या टॅक्सी आल्यापासून लिमोला गिऱ्हाईक कमी, रात्रपाळीमुळं पोरं झोपेतच बघायला मिळतात. पण त्याचे तास कागदावर असतात. प्रवासी गाडीसाठी तिथं केंद्राचा नियम असा की सलग आठ तास विश्रांती झाल्याशिवाय गाडी हातात घ्यायची नाही आणि मग दहा तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही. आम्हाला सोडून रात्री दोनला तो घरी, स्वतःच्या अंथरुणात. ट्रिप संपल्यावर त्यानं मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. गियर स्टिअरिंगच्या दांडीला, माझ्या पहिल्या अँबॅसिडरसारखा. ती सीट अंगाला लागल्यावर बरं वाटलं. तिथं भाड्यावर पंधरा-वीस टक्के टिप द्यायची रीत आहे, जावई देणार होता, मी म्हटलं मला देऊ दे. दोन्ही हातांनी दिली आणि त्यानं पण दोन्ही हातांनी घेतली.

आता आपल्याकडचं. तसं बघायला गेलं तर आपल्याकडं कायदा नाही असं कुणी म्हणू नये. १९६१ सालीच मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांचा कायदा झाला, त्यात दिवसाला आठ तास काम आणि रात्रीचा हॉल्ट असेल तिथं कामगाराला विश्रांतीची खोली द्यायची असं लिहिलं होतं. पण ते मालकानं, म्हणजे गाडीच्या मालकानं द्यायचं, आणि ज्याच्याकडं पाच तरी कामगार त्यालाच ते लागू होतं. २०२५ च्या नोव्हेंबरात तो कायदा जाऊन त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. आमच्या स्टँडवर बघा, कुणाची एक गाडी, कुणाच्या दोन, मालक तोच ड्रायव्हर तोच. आम्हाला तो जुना कायदा कसा पोचणार होता? आणि समजा पोचला असता तरी बेळगावचा गाडीमालक दापोलीत किंवा म्हैसूरला खोली कुठनं आणणार? खोली हॉटेलकडं असते. म्हणून नियम हॉटेलला पाहिजे. तमिळनाडू सरकारनं हे ओळखलं, २०२३ मधे त्यांनी बांधकामाच्या नियमातच बदल केला की हॉटेल, लॉज बांधायचं असेल तर पाहुण्यांच्या ड्रायव्हरांसाठी झोपायची खोली, संडास, बाथरूम पाहिजेच. शेजारचं राज्य करू शकतं तर कर्नाटकाला काय अडचण आहे? महाराष्ट्राला काय आहे? आम्ही तर दोन्हीकडं गाड्या घेऊन जातो, कोगनोळीचा नाका ओलांडला की राज्य बदलतं, आमची रात्र बदलत नाही.

काही हॉटेलवाले चांगले आहेत, ते पण सांगायला पाहिजे. धर्मशाळा, भक्तनिवास इथं ड्रायव्हरला कधी नाही म्हणत नाहीत. हायवेवरच्या धाब्यावर खाट मिळते. जेवढं हॉटेल मोठं तेवढी ड्रायव्हरची सोय बेकार, हा माझा अनुभव आहे. आता आपल्या भागात जांबोटी-चोर्ला रोडला रिसॉर्ट व्हायलेत, हायवेला मोठी मंगल कार्यालयं व्हायलीत, स्विमिंग पूल, लॉन, लायटिंग सगळं. डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा गावातल्या खोल्या भरतात आणि बाहेरगावच्या गाड्यांची पोरं थंडीत काचा लावून सीटवर मुटकुळं करून झोपलेली मी स्वतः बघितलीत, दोघांना घरी नेऊन झोपवलंय सुद्धा. खानापूर तालुक्यातली किती पोरं गोव्याच्या हॉटेलांत आणि टुरिस्ट गाड्यांवर कामाला आहेत हे तर घराघरात माहीत आहे.

आमची मागणी मोठी नाही. दहा खोल्यांच्या मागं एक खाट धरा, पंखा, एक संडास, एक नळ, चार्जिंगला बोर्ड. जेवण फुकट नको, पैसे देऊन जेवू, पण वाढा. नवीन बांधकामाला परवानगी देताना हे नकाशात आहे काय बघावं, जुन्यांनी एखादी अडगळीची खोली मोकळी करावी. आणि गाडी करून फिरायला जाणाऱ्या लोकांना पण हात जोडून सांगणं आहे, रूम बुक करताना फोनवर एवढं विचारा, ड्रायव्हरची सोय आहे काय? तुम्ही पैसे देणारे, तुम्ही विचारलं तर त्यांना उत्तर द्यावं लागतं, आम्ही विचारलं तर वॉचमन देतो ते उत्तर असतं. सकाळी घाटात तुमची पोरं मागच्या सीटवर झोपलेली असतात.

आम्ही स्टँडवरच्या लोकांनी आमच्या बाजूनं एक सुरुवात केलीय. जिथं ड्रायव्हरला झोपायला जागा आणि संडास मिळतो अशा हॉटेलांची नावं एका पाटीवर लिहायला घेतलीत, पार्टीनं विचारलं की त्यातलंच नाव सांगायचं असं ठरलंय. आतापर्यंत चार झालीत, दोन गोव्यातली, एक कोल्हापुरातलं, एक आपल्या बेळगावातलं. आणखी कुणाकडं सोय असेल तर स्टँडवर येऊन सांगावं, आम्ही एकदा जाऊन बघतो आणि नाव घालतो.

आपला,
एक टुरिस्ट गाडीवाला
शहापूर, बेळगाव